आर्मस्ट्राँग आणि बेशे: 'एकदाच' नव्हे

'लुई आर्मस्ट्राँग आणि सिडनी बेशे आयुष्यात एकदाच एकत्र रेकॉर्डिंगला बसले, तिथं बिनसलं ते कायमचं,' असा मजकूर सध्या फिरतोय. एका म्यानात दोन तलवारी, हे ऐकायला छान वाटतं. पण ते खरं नाही.

दोघंही जॅझवादक, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे. न्यूयॉर्कमध्ये १९२४-२५ साली त्यांनी एकत्र बऱ्याच तबकड्या केल्या. 'केक वॉकिंग बेबीज फ्रॉम होम' हे एकच गाणं तर दोनदा: २२ डिसेंबर १९२४ला जेनेट कंपनीसाठी आणि ८ जानेवारी १९२५ला ओकेसाठी, तेही वेगवेगळ्या बँडच्या नावानं. दोन्ही लागोपाठ ऐकाच. पहिल्यात बेशेचा सोप्रानो सॅक्सोफोन आर्मस्ट्राँगच्या कॉर्नेटला (ट्रंपेटसारखं वाद्य) डोकं वर काढू देत नाही. अडीच आठवड्यांनी मात्र शेवटच्या फेरीत साथ थांबते, मोकळी जागा मिळते आणि आर्मस्ट्राँग ती अशी काही भरतो, की आधीची उधारी व्याजासकट फिटते! (निदान माझ्या कानांना तरी.)

'कायमचं बिनसलं' म्हणावं, तर मे १९४०मध्ये डेक्का कंपनीसाठी दोघं पुन्हा एकत्र आले. 'पर्डिडो स्ट्रीट ब्लूज'सह चार गाणी झाली. कुरबूर होती, हे खरं. आर्मस्ट्राँग सर्वांबरोबर न वाजवता चढाओढ करत होता, अशी तक्रार बेशेनं आत्मकथनात केली आहे. पण ती याच १९४०च्या बैठकीबद्दलची. पंधरा वर्षं मागे नेऊन ती १९२५ला चिकटवू नये.