पॉट्सव्हिल मरून्स, १९२५: वाद निलंबनाचा नाही, ५९-० चा आहे

अमेरिकन फुटबॉलच्या सुरुवातीच्या काळात रस असलेल्या माणसाला पॉट्सव्हिल मरून्स या संघाच्या १९२५ मधल्या हुकलेल्या विजेतेपदाचं प्रकरण कधी ना कधी भेटतंच. बहुतेक वेळा ते 'छोट्या गावाचं विजेतेपद शिकागोने पळवलं' असं सांगितलं जातं. मला ते तसं पटत नाही. पॉट्सव्हिलला झालेली निलंबनाची शिक्षा नियमाला धरून होती. अन्याय झाला तो दुसऱ्याच ठिकाणी, आणि तो कागद-पेन्सिल घेऊन दाखवता येतो.

पॉट्सव्हिल म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या कोळसापट्ट्यातलं सुमारे २२ हजार वस्तीचं गाव. संघाचे मालक जॉन स्ट्रीगल, पेशाने डॉक्टर. १९२४ मध्ये खाणगावांची अँथ्रासाइट लीग जिंकली आणि १९२५ मध्ये त्यांना एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला. एवढ्याशा गावाला लीगने जवळ केलं त्यामागे रोकडा हिशेब होता. फिलाडेल्फियात रविवारी सामने खेळायला कायद्याने बंदी होती, म्हणून तिथला फ्रँकफर्ड यलो जॅकेट्स संघ शनिवारी खेळायचा. खाणपट्ट्यात तो कायदा कुणी मनावर घेत नसे. बाहेरून आलेला संघ शनिवारी फ्रँकफर्डशी आणि रविवारी पॉट्सव्हिलशी खेळून घरी जायचा. रेल्वेभाडं एकदाच, तिकीटविक्रीतला वाटा दोनदा. त्या काळी संघ बुडायचे ते प्रवासखर्चामुळेच, त्यामुळे ही सोय सगळ्यांनाच हवी होती. पुढे ज्या फ्रँकफर्डने तक्रार केली, त्याच शेजाऱ्यामुळे पॉट्सव्हिल लीगमध्ये आलं होतं.

संघही कच्चा नव्हता. प्रशिक्षक डिक राउच. बॉल घेऊन थेट गर्दीत घुसणारा टोनी लॅटोन लहानपणापासून खाणीत राबलेला. किक मारायला चार्ली बेरी, जो पुढे बेसबॉलच्या अमेरिकन लीगमध्ये अंपायर झाला. नोव्हेंबरच्या मध्यावर फ्रँकफर्डने त्यांना २०-० हरवलं, पण दोनच आठवड्यांनी पॉट्सव्हिलने त्याची परतफेड ४९-० अशी केली. मग ६ डिसेंबरला शिकागोच्या कोमिस्की पार्कवर शिकागो कार्डिनल्सना २१-७ हरवलं.

आता गणित नीट बघा. त्या काळी अंतिम सामना नव्हता. विजयाची टक्केवारी काढायची, बरोबरीचे सामने सोडून द्यायचे, आणि ज्याची टक्केवारी जास्त तो विजेता. मोसमाची मुदत २० डिसेंबर होती आणि तोवर कुणीही कुणाशीही जादा सामना ठरवू शकत होतं. सगळ्या भानगडीचं मूळ या मोकळीकीत आहे. ६ डिसेंबरच्या रात्री पॉट्सव्हिल १० विजय २ पराभव, म्हणजे ८३.३ टक्के. कार्डिनल्स ९ विजय २ पराभव, म्हणजे ८१.८.

कार्डिनल्सचे मालक ख्रिस ओब्रायन यांनी घाईघाईने दोन सामने जोडले. १० डिसेंबरला मिलवॉकी बॅजर्सशी, १२ डिसेंबरला हॅमंडशी. मिलवॉकीच्या संघाचा मोसम संपून खेळाडू पांगले होते. माणसं भरायला शिकागोतली हायस्कूलची चार मुलं व्यावसायिक संघात उभी केली गेली. स्कोअर ५९-०. हॅमंडवर १३-०. कार्डिनल्स ११-२, म्हणजे ८४.६ टक्के. लक्षात घ्या, मिलवॉकीचा सामना झाला तेव्हा पॉट्सव्हिलचं निलंबन झालंच नव्हतं.

ते झालं दुसऱ्या कारणाने. १२ डिसेंबरलाच पॉट्सव्हिल फिलाडेल्फियाच्या शाइब पार्कवर नोत्र दाम विद्यापीठाच्या माजी खेळाडूंच्या संघाशी खेळलं. 'फोर हॉर्समेन' म्हणून देशभर गाजलेले नोत्र दामचे चार खेळाडू त्या संघात होते. कॉलेजचा फुटबॉल श्रेष्ठ आणि पैसे घेऊन खेळणारे दुय्यम, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. पॉट्सव्हिल मागे होतं. टचडाउनचे (बॉल समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे नेण्याचे) ६ गुण मिळाले, त्यानंतरच्या किकचा १ गुण हुकला, आणि शेवटी बेरीच्या फील्ड गोलचे (किक मारून बॉल खांबांमधून घालवण्याचे) ३ आले. ९-७. व्यावसायिक खेळाची पत वाढवणारा हा निकाल होता, त्याचं मोल मी अजिबात कमी लेखत नाही.

पण शाइब पार्क फ्रँकफर्डच्या राखीव हद्दीत होतं, म्हणजे तिथे लीगच्या दुसऱ्या संघाने परस्पर खेळायचं नव्हतं, आणि त्याच दिवशी फ्रँकफर्डचा स्वतःचा सामना होता. लीगचे अध्यक्ष जो कार यांनी आधीच ताकीद दिली होती; तरी सामना झाला, तेव्हा त्यांनी पॉट्सव्हिलला निलंबित केलं. लीगच्या कार्यालयातून फोनवर परवानगी मिळाली होती, असं स्ट्रीगल सांगत राहिले. अध्यक्षांची ताकीद हातात असताना तोंडी परवानगीवर विसंबणं हा कच्चा बचाव आहे. हद्दीचा नियम मोडू दिला असता तर प्रत्येक लहान संघाचं तिकिटांचं उत्पन्न शेजारच्या मोठ्या संघाने खाल्लं असतं. निलंबन योग्यच होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरा प्रश्न मिलवॉकीचा आहे. कार यांनी त्याचीही चौकशी केली. ओब्रायन यांना १,००० डॉलर दंड. मिलवॉकीच्या मालकाला ५०० डॉलर दंड आणि संघ विकण्याचा आदेश. शाळकरी मुलं जमवून देणारा कार्डिनल्सचा खेळाडू आर्ट फोल्झ याच्यावर आजन्म बंदी (ती नंतर उठवली). सामना नोंदीतून काढू असंही कार म्हणाले. तो कधीच काढला नाही. आजही ५९-० अधिकृत नोंदीत बसलेला आहे.

तो काढून बघा. कार्डिनल्स १० विजय २ पराभव. पॉट्सव्हिल १० विजय २ पराभव. टक्केवारी तंतोतंत सारखी, आणि समोरासमोरचा एकमेव सामना पॉट्सव्हिलने १४ गुणांनी जिंकलेला. यासाठी निलंबन मागे घ्यावं लागत नाही, नोत्र दामचा सामना मोजावा लागत नाही, कुणाची दयाही लागत नाही. अध्यक्षांनी दिलेला शब्द तेवढा अमलात आणायचा.

ओब्रायन यांनी स्वतः हे विजेतेपद घ्यायला नकार दिला होता, हे त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवं. कार्डिनल्सकडून त्यावर ठाम दावा सुरू झाला तो संघ १९३० च्या दशकात चार्ल्स बिडविल यांच्याकडे गेल्यावर. आज त्या संघाच्या खात्यात दोनच विजेतेपदं आहेत, १९२५ आणि १९४७, त्यामुळे ते हे सोडणार नाहीत हे उघड आहे.

लीगने १९२६ मध्ये पॉट्सव्हिलला परत घेतलं, कारण गाजलेला खेळाडू रेड ग्रेंज याची नवी प्रतिस्पर्धी लीग उभी राहत होती आणि चांगला संघ तिकडे जाणं परवडणारं नव्हतं. त्या वर्षीही मरून्सनी १० सामने जिंकले. मग दोन वाईट मोसम, १९२९ मध्ये बोस्टनला स्थलांतर, आणि संघ बंद. म्हणूनच १९६३ आणि २००३ मध्ये विषय पुन्हा निघाला तेव्हा मत द्यायला पॉट्सव्हिलचा मालक त्या खोलीत नव्हता, कार्डिनल्सचा होता. २००३ चं मतदान ३० विरुद्ध २. प्रकरण उघडावं म्हणणारे दोघे पेनसिल्व्हेनियाचेच, पिट्सबर्ग आणि फिलाडेल्फिया.