ओळख बघू कोण?

डॉक्टरांनी शुगरसाठी रोज पाऊण तास चालायला सांगितलं, पण चालताना कोण कोण भेटणार हे काय चिठ्ठीवर लिहून दिलं नव्हतं. टिळकवाडीतल्या माणसानं चालायचं म्हणजे व्हॅक्सिन डेपो. झाडं आहेत, हवा आहे, बेळगावची थंडी आहे आणि त्या थंडीत कानाला मफलर गुंडाळून, शर्टाच्या खिशात मोबाईल फुल आवाजात लावून फिरणारी आमची माणसं आहेत. इयरफोन नावाची वस्तू निघालीय हे त्यांना माहीत नाही असं नाही, पण इयरफोन लावला तर गाणं एकट्यालाच ऐकू येणार, मग त्याचा उपयोग काय?

बरं, लावतात ते सरळ गाणं तरी लावावं ना. लता लावा, आशा लावा, मी तुमच्याबरोबर दोन राऊंड जास्त मारतो. नाही. एकानं कुणी ऐकलं नाही ते लावायचं आणि दुसऱ्यानं त्याच्याहून कमी लोकांनी ऐकलेलं काढायचं. बाकीच्या गावात माणसं जमिनीवरून, पोरांच्या पॅकेजवरून भांडतात, आमच्या डेपोवर कुणावर जास्त अन्याय झाला यावरून भांडण. सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याला निदान तारखा पडतात. इथं रोज सहा वाजता सुनावणी.

मला वाटतं याच्या मुळाशी आमचा रेडिओ आहे. लहानपणी घरातल्या ट्रान्झिस्टरचा काटा 765 ला नेला की आकाशवाणी धारवाड, 1251 ला नेला की सांगली आणि अजून जरा सरकला की पणजी. सकाळी इकडं वचन, तिकडं अभंग, दुपारी कोकणी काहीतरी, आणि आई भाकरी थापता थापता तिन्ही ऐकायची, काटा कुठं आहे ते तिला कळायचंही नाही. पुण्याच्या माणसाला एका स्टेशनापुरतीच मतं असतील, आमच्याकडं माणशी तीन स्टेशनांची आहेत.

स्पर्धेचे नियम आहेत, कुणी लिहिलेले नाहीत पण कडक आहेत. भारतरत्न मिळालेल्या माणसाला प्रवेश नाही. म्हणजे भीमसेन जोशी गदगकडचे असले, आपलेच असले, तरी 2008 पासून बाद. कुमार गंधर्व तर दारातले, 1924 साली इथं सुळेभावीत जन्मले, मिरजेच्या गाडीनं गेलं की स्टेशन लागतं. पण 1948 ला देवासला गेले, क्षयातून उठले आणि असे गायले की देशभर नाव झालं, मग कसले उपेक्षित? बाद. मात्र एक पोटनियम आहे, मोठ्या माणसाची दुर्लक्षित रेकॉर्ड चालते. त्या वाटेनं एक गृहस्थ कुमारांची 'मला उमजलेले बालगंधर्व' ही रेकॉर्ड घेऊन आत शिरायला बघत होते तर चौघांनी मिळून हाकलले, म्हणे ती रेकॉर्ड आमच्या घरी दोन दोन आहेत. बिळगीकडची आमची आत्या फोनवरून भाग घेते. तिची उमेदवार अमीरबाई कर्नाटकी, बिळगीचीच. "1943 चा किस्मत बघितलास काय? लता यायच्या आधी सगळा हिंदुस्थान आमच्या बिळगीच्या बाईच्या गळ्यावर चालला होता," असं ती मला दर संक्रांतीला सांगते, तीळगूळ नंतर.

आता मुख्य आरोपी.

पहिले शहापूरचे अण्णा. यांचे साड्यांचे माग होते, जन्म त्या खडखडाटात गेला, त्यामुळं कानाला जरा कमी लागतं, त्यामुळं गाणं आवाज चढवून लावायचं आणि बोलायचं त्याच्याहून वर. अण्णांकडं लाखेच्या जुन्या रेकॉर्डी आहेत, 78 च्या, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. त्या डेपोवर आणता येत नाहीत म्हणून घरी ग्रामोफोनसमोर मोबाईल धरून त्यांनी एकेक उतरवून घेतलीय. म्हणजे आधी खरखर, मग खरखरीच्या मागं कुठंतरी पेटी, मग गाणं, मधेच कुकरची शिट्टी आणि अंतऱ्याला काकूंचा आवाज, "अहो, दूधवाला आलाय!" अण्णांना ते ऐकू येत नाही. आपण मात्र चेहरा सांभाळायचा.

आणि अण्णा नुसतं ऐकवत नाहीत, परीक्षा घेतात.

"ओळख बघू कोण?"

बाईचा आवाज होता, पातळ, टोकदार, वर चढणारा. मी भीत भीत म्हणालो, "हिराबाई?"

"हॅट! गंगूबाई हनगल गा!"

आता गंगूबाई म्हटल्यावर आपल्या कानात येतो तो भारदस्त, मर्दानी म्हणावा असा आवाज. पण तो नंतरचा, घशाचं ऑपरेशन झाल्यावरचा. त्याआधी एचएमव्हीवर त्यांच्या रेकॉर्डी निघाल्या त्या गांधारी हनगल नावानं, मराठी भावगीतंसुद्धा गायल्यात, आणि तो आवाज म्हणजे दुसरीच बाई. 1924 ला इथं बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली तेव्हा अकरा वर्षांची ही पोर स्वागतगीतात गायली होती, डेपोपासून चालत जाण्याच्या अंतरावर. एवढं सगळं मला अण्णांमुळंच कळलं, नाही म्हणत नाही. पण अण्णांचं म्हणणं असं की गंगूबाई प्रसिद्ध झाली, मान्य, पद्मविभूषण मिळालं, मान्य, पण गांधारीवर अन्याय झाला. आणि अन्याय कुणी केला तर गंगूबाईनं! यावर काय बोलणार, आपण दुसरा राऊंड सुरू करायचा.

दुसऱ्या राऊंडला सर गाठतात. सर धारवाडचे, रिटायर झाल्यावर मुलाकडं इथं आलेत, मराठी आमच्याहून शुद्ध बोलतात, फक्त चिडले की कन्नडमध्ये चिडतात. त्यांचे उमेदवार गायक बसवराज राजगुरू. "मल्लिकार्जुन मन्सूर, मन्सूर करतात री सगळे, अनवट राग, अनवट राग. राजगुरू ऐकलासा काय? नाट्यगीत ऐकलासा?" मी एकदा धाडस करून म्हणालो, सर, त्यांना पद्मभूषण होतं ना? सर थांबले, भर ट्रॅकवर, मागून येणारी दोन माणसं आपटता आपटता वाचली. "होतं की. 1991 ला दिलं. त्याच वर्षी माणूस गेला. आणि तुमच्या किती लोकांना माहीत आहे दिलेलं? बक्षीस देऊन पण कुणाला कळलं नाही, ह्याच्याहून मोठी उपेक्षा कोणती, सांगा!" मी सांगू शकलो नाही.

या दोघांचं चालतं तोवर ठीक होतं, दोघांचा धर्म एकच. त्यात आला शेजारचा इंजिनिअरिंगचा पोरगा. दोन विषय राहिलेत, आई म्हणते सकाळी उठून अभ्यास कर, हा उठतो आणि डेपोवर येतो. याचं म्हणणं काका, गाणं असं सुटं ऐकायचंच नसतं, अल्बम ऐकायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच ऑर्डरमध्ये. त्याचा अल्बम म्हणजे चरणजित सिंग नावाचे एक हिंदी सिनेमात वाजवणारे वादक होते, लग्नातही वाजवायचे, त्यांनी 1982 ला जपानी सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. रेकॉर्ड काय चालली नाही. पुढं 1987 ला शिकागोच्या पोरांनी त्याच मशीनवर तसलाच चिवचिवाट काढला तर त्याला ॲसिड हाऊस म्हणून जगभर डोक्यावर घेतलं, आणि आमच्या सरदारजींची रेकॉर्ड पडलेली, 2010 ला पुन्हा निघाली तेव्हा गोऱ्यांनी कपाळावर हात मारून घेतला. 2015 ला ते गेले. पोरगा हे सांगताना अगदी रडवेला होतो, स्वतःच्या बॅकलॉगबद्दल सांगताना कधी झाला नाही.

तर या पोरानं सरांना ललित ऐकवला. मशीनवरचा. खाली धम धम धम धम, वर सूर सापासारखा वळवळतोय. मी सरांकडं बघायचं टाळलं. अण्णा म्हणाले, मागाचा पट्टा सुटल्यावर असा आवाज यायचा. सरांनी मात्र सगळा ऐकला, उगवतीकडं बघितलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "वेळ तेवढी बरोबर आहे."

या सगळ्यात माझं काम एकच, चेहरा. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. ऐकवणारा माणूस गाणं ऐकत नसतो, तो तुमचं तोंड बघत असतो. डोळे मिटले तर झोपला म्हणणार, उघडे ठेवले तर लक्ष नाही म्हणणार, म्हणून अर्धे मिटायचे. मान हलवायची पण समेवर, चुकीच्या जागी हलली की सरांच्या भुवया वर. "वा" लवकर म्हणायचं नाही, "वा"च्या आधी नाकातून हवा सोडायची. अण्णांच्या तीन मिनिटांना हे जमतं. पोराच्या दहा रागांना गालाचे स्नायू दुखतात. आणि मला खरं आवडतं काय तर गीतरामायण, 1955 ला पुण्याच्या आकाशवाणीवर सुरू झालेलं, छप्पन गाणी, घरोघरी पाठ. हे मी एकदा बोलून गेलो तर डेपोवर अशी शांतता पसरली की मला वाटलं कुणाचं तरी गेल्याचं कळलंय.

रिक्षात बसून सुटावं तर आमच्या स्टँडवरचा रिक्षावाला सौंदत्तीकडचा. त्याच्या पेनड्राईव्हमध्ये फक्त चौंडक्याची पदं. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापूरकडची माणसं यल्लम्माला जातात तेव्हा ती वाजतात, एक कडवं मराठी, एक कानडी. चौंडकं मी त्याच्या घरी जवळून बघितलंय. लाकडाचं पोकळ नळकांडं, एका तोंडाला कातडं, कातड्याच्या मधोमध निघालेली तार बाजूच्या काठीच्या खुंटीला बांधलेली, भंडाऱ्यानं सगळं पिवळंधमक. काखेत दाबून तारेवर लाकडाच्या तुकड्यानं मारायचं आणि खुंटी सैल-घट्ट करत सूर वळवायचा, तुंग तुंगुंग. "ह्याच्यावर कुणी पुस्तक लिहिलंय काय मामा? ह्याला पद्म-बिद्म काय मिळतंय काय?" असं तो गोगटे सर्कलच्या गर्दीत पूर्ण मागं वळून विचारतो. मी घाईघाईनं नाही म्हणतो. समोर बस असते.

खरी गोची वेगळ्याच ठिकाणी झाली. मला राजगुरूंचं एक नाट्यगीत मनापासून आवडलं. नाटक नाही, खरंच. इतकं की रिंगटोन लावली, ऑफिसात चौघांना पाठवलं, त्यांनी पुढं पाठवलं. मला वाटलं सर खूश होतील. सरांनी ट्रॅकवर माझी रिंगटोन ऐकली आणि त्यांचा चेहरा असा झाला की त्यांच्या घरात कुणी चपला घालून शिरलंय. "आता काय, लग्नात पण वाजेल." त्या दिवसापासून त्यांनी राजगुरू लावायचं कमीच केलं. यांना ते गाणं लोकांनी ऐकायला हवं असतं, पण लोकांनी ऐकलेलं चालत नाही. माझ्यासारख्या गीतरामायणवाल्याला आवडलं म्हणजे तर त्या गाण्याची अब्रूच गेली.

पण तोवर गल्लीत माझी जाणकार म्हणून ख्याती झाली होती. गणपतीत मंडळाची पोरं आली, काका, सकाळच्या आरतीआधी वाजवायला काहीतरी चांगलं, वेगळं द्या, नेहमीची तीच तीच गाणी नकोत. मी हे डेपोवर बोललो. बोलायला नको होतं असं नाही, पण संध्याकाळपर्यंत पेनड्राईव्ह भरला होता आणि कुणी काय भरलं ते मला दाखवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सात वाजता भोंगा सुरू झाला. पहिली गांधारी. खरखर ऐकून साऊंडवाल्याला वाटलं ॲम्प्लिफायर गेला, तो पळत आला, स्क्रू ड्रायव्हर काढला आणि मशीन उघडून बसला. तेवढ्यात अख्ख्या गल्लीवर काकूंचा आवाज घुमला, "अहो, दूधवाला आलाय!" आणि सात-आठ घरांतून बाया पातेली घेऊन बाहेर आल्या. अण्णा मंडपात उभे, त्यांना वाटलं गाणं ऐकायला गर्दी झाली, डोळे भरून आले त्यांचे. मग ललित लागला, तो पोरांनी नाचायचा सिग्नल समजला. मग चौंडकं. दोन कडवी झाली नसतील, कोपऱ्यावरच्या आजींच्या अंगात आलं, सगळ्यांनी हळद-कुंकू आणायची धावपळ केली, आणि आजींनी त्या अवस्थेत मंडळाच्या अध्यक्षाला मागच्या वर्षीच्या वर्गणीचा हिशेब विचारला. आरती पाऊण तास लेट.

सगळं निवळल्यावर सर, अण्णा, पोरगा आणि रिक्षावाला चौघंही साऊंडवाल्याभोवती उभे राहिले. शेवटी तोच एक असा माणूस की ज्यानं सगळं पहिल्यापासून कान लावून ऐकलं होतं, मशीन दुरुस्त करायला का असेना. कुणाचं भारी वाटलं, खरं सांग, म्हणून चौघांनी त्याला घेरलं. त्यानं ॲम्प्लिफायरचा शेवटचा स्क्रू बसवला, हात पुसला.

"ते पहिलं गाणं होतं न्हवं, खरखरीचं," तो म्हणाला, "त्यात तबला कोण वाजवलंय ओ? लई ग्वाड वाजवलंय. बाकी गाणं काय, असतंय."

अण्णांनी मोबाईल काढून रेकॉर्डच्या लेबलचा फोटो मोठा करून बघितला. गाणारीचं नाव होतं, कंपनीचं होतं, नंबर होता. तबलेवाल्याचं नव्हतं. सरांनी अण्णांकडं बघितलं, अण्णांनी सरांकडं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालेलं मी बघितलं.

आता रविवारी अण्णांच्या घरी सगळ्या रेकॉर्डी पहिल्यापासून लावणार आहेत, फक्त तबला ऐकायला. सरांनी मला निरोप दिलाय, लवकर या, आणि ह्या वेळेला कुणाला फॉरवर्ड करू नका.