खुलासा : लाइट गेल्यावर ‘वॉल’ फाइल उडवू नका

नाशिकच्या दुकानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘लाइट जाऊन कॉम्प्युटर बंद पडला की बिलिंगच्या फोल्डरमधली ‘वॉल’ शेपटीची फाइल डिलीट करा, डेटाबेस साफ होतो.’ हे चूक आहे.

बिलिंग एसक्यूलाइटवर (सगळा डेटा एका फाइलमध्ये ठेवणाऱ्या डेटाबेसवर) चालत असेल, तर ती फाइल (नावाच्या शेवटी ‘-wal’, म्हणजे राइट-अहेड लॉग) कचरा नव्हे. ताजी बिलं आधी तिथे लिहिली जातात. साधारण 1000 पानं (डेटाबेसचे ठरावीक आकाराचे तुकडे) साठली की मूळ फाइलमध्ये उतरतात. पुढच्या वेळी उघडताना एसक्यूलाइट तीच वाचून स्वतःला सावरतं. रविवार कारंज्याजवळच्या एका दुकानात ती उडवली, आणि संध्याकाळची बिलं गेली. कागदी पावत्यांवरून पुन्हा भरत बसलो, रात्री अकरापर्यंत!

आधी प्रोग्राम बंद करून डेटाबेस आणि वॉल, दोन्ही फाइली एकत्र कॉपी करा. मग कॉपीवर ‘प्रॅग्मा इंटिग्रिटी_चेक’ (PRAGMA integrity_check) ही एसक्यूलाइटची तपासणीची आज्ञा चालवा. उत्तर ‘ओके’ आलं तर रचना शाबूत. मात्र बिल आहे आणि त्याचं गिऱ्हाईकच नाही, असली गडबड ही तपासणी पकडत नाही. त्यासाठी ‘फॉरेन_की_चेक’ (PRAGMA foreign_key_check) ही वेगळी आज्ञा. ‘ओके’ आलं नाही तर कालचा बॅकअप काढा. असेल तर.