जीभ वाकडी आहे, मी प्यालेलो नाही

परवा धुळ्याला लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने माझ्या बायकोला हळूच विचारलं, "पाव्हणे दुपारीच घेऊन आले का?" मी फक्त "वरण वाढा" म्हणालो होतो. तोंडाने खुलासा करायला गेलो असतो तर त्याचा संशय आणखीच पक्का झाला असता, म्हणून इथे लिहितोय.

२०१४ साली माझ्या जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघाला. हो, तंबाखू खायचो, ते ऐकवून झालंय सगळ्यांचं. ३५ शेक घेतले, म्हणजे रेडिएशन, किरणांचे उपचार. एकूण ७० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप), सात आठवडे. गाठ गेली. पाच वर्षांनी "आता तुम्ही बरे झालात" असं ऐकलं आणि आम्ही गल्लीत पेढे वाटले.

शेक घेतल्यानंतर नऊ वर्षांनी एका सकाळी दात घासताना आरशात जीभ बाहेर काढली तर ती उजवीकडे वळली. उजवी बाजू बारीक झालेली आणि तिच्यावर सारखी थरथर, कातडीखाली अळ्या वळवळाव्यात तशी. मग पाणी पिताना ठसका. भाकरीपेक्षा पाण्यानेच जास्त, हे कुणाला पटेना. शेजारच्या आप्पांना म्हटलं, "मनी जीभ मनं ऐकत नही." ते म्हणे लकवा. एका डॉक्टरांनी बी-१२ची इंजेक्शनं दिली, दुसऱ्यांनी मेंदूचा एमआरआय केला, त्यात काही नाही. घरात कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात एकच: परत आलं.

शेवटी एका मेंदूविकारतज्ज्ञाने विचारलं, "शेक कधी घेतले होते?" तोवर हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. त्यांनी आधी मानेचं स्कॅन करून गाठ परत आलेली नाही याची खात्री केली. हे पहिलं हवंच. मग समजावलं. शेकाने गाठ मरते, पण आजूबाजूचं मांस पुढे वर्षानुवर्षं चिवट होत जातं. डफाचं ओलं चामडं वाळताना आवळतं, तसं. नसेला (रक्ताची नव्हे, मज्जातंतूची नस) रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या आकसतात, नस दबते आणि तिच्यावर चालणारा स्नायू वाळतो. कुणाची जिभेची नस जाते, कुणाची आवाजाची, कुणाचा खांदा उचलत नाही. पाच, दहा, त्याहूनही जास्त वर्षांनी. मेलेली नस जिवंत करणारं औषध नाही. गिळण्याचे व्यायाम आहेत, ते मी करतो.

माझा राग शेकांवर नाही. ते घेतले नसते तर ही पोस्ट लिहायला मी नसतो, आणि हे वाचून कुणी शेक टाळले तर मला पाप लागेल. राग "बरे झालात" या शब्दावर आहे. त्या शब्दाने फाईल बंद होते. सही घेतली तो कागद इंग्रजीत होता, त्यात हे असेलही. मी वाचला नाही आणि कुणी वाचूनही दाखवला नाही. अर्धी चूक माझी: फाईल मी घर बदलताना रद्दीत घातली. किती ग्रे, मानेच्या कोणत्या भागाला, कोणत्या तारखांना, हा एक कागद हॉस्पिटलमधून मागून घ्या आणि रेशनकार्डासारखा जपा. दाढ काढायच्या आधी दातांच्या डॉक्टरलाही दाखवा, कारण शेकलेल्या जबड्याची जखम कधी कधी भरतच नाही.

ठसका लागणाऱ्यांनी तर दुर्लक्ष करूच नका. अन्न श्वासनलिकेत जाऊन छातीत न्यूमोनिया होतो. काहींना तर ठसकाही लागत नाही, अन्न गुपचूप आत जातं. माझ्या दोन निमोनियांचं खापर आम्ही थंडीवर फोडलं होतं.

शेकांनी लाळही आटली, त्यात जळगावचा मे महिना. पाण्याची बाटली खिशासारखी अंगाला चिकटलेली. केळीच्या मुलखात राहून केळं टाळूला चिकटतं. भरीत मात्र जातं, कळण्याची भाकरी त्यात कुस्करून. शेवभाजीतल्या शेवेचा लगदा झाला की तीही जाते, पण तिखटाने तोंड पेटतं. तरी खातो.

फोन करू नका, मेसेज टाका. फोनवर "हॅलो" म्हटलं की समोरचा विचारतो, "झोपेतून उठवलं का?"