‘आय-सेव्हनशिवाय लॅपटॉप घेऊ नका’ : एका संदेशाचा प्रतिवाद

निकाल लागून प्रवेशाची धावपळ सुरू झाली की कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर लॅपटॉपविषयीचा एक संदेश हटकून फिरू लागतो. त्याचा सारांश असा : सत्तर हजारांखालचा पातळ लॅपटॉप म्हणजे पैसे पाण्यात घालणे, आय-सेव्हनशिवाय (इंटेल कंपनीचा वरच्या पायरीचा प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपची मुख्य चिप) वेग मिळत नाही, रॅम (चालू कामापुरती तात्पुरती स्मृती) कमी असली तरी नंतर कधीही वाढवता येते, ५१२ जीबीच्या एसएसडीपेक्षा (चिपवरची साठवण) १ टीबीची हार्डडिस्क (फिरत्या तबकडीवरची साठवण) बरी, पातळ यंत्र तापते आणि लवकर बसते, वेगळे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा स्वतंत्र भाग) हवेच, आणि एवढे पैसे नसतील तर नव्याच्या नादी न लागता जुना आय-सेव्हन घ्यावा. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण या संदेशाच्या भरवशावर ज्या घरात मुलीला बी.कॉम.चा अभ्यास, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि थोडे टायपिंग एवढ्यासाठीच यंत्र हवे असते, त्या घरातही दुप्पट किमतीचा लॅपटॉप हप्त्यावर येतो. त्या घराचे यात खरेखुरे नुकसान होते, म्हणून हे मुद्दे एकेक करून तपासणे मला आवश्यक वाटते.

आपण कोणत्या वापराविषयी बोलत आहोत, हे आधी स्पष्ट असावे. ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब, वर्ड आणि एक्सेल, युनिकोडमधले मराठी टायपिंग, व्हिडिओ कॉल, यूट्यूबवरची व्याख्याने, महाडीबीटीचे अर्ज, मार्केट यार्डातल्या अडतीचा किंवा हुपरीतल्या चांदीच्या धंद्याचा टॅलीवरचा हिशेब, शिवाजी विद्यापीठात एम.ए. करणाऱ्याचा प्रबंध : ही सगळी हलकी कामे आहेत. पुढचे विवेचन एवढ्याच वापरापुरते आहे.

आता आय-सेव्हन. आय-३, आय-५ आणि आय-७ हे आकडे एकाच पिढीतल्या प्रोसेसरांची आपापसातली उतरंड सांगतात. वेगवेगळ्या पिढ्यांची तुलना त्यांवरून करता येत नाही. २०१६ सालच्या आय-७ ७५००यू या प्रोसेसरला दोन गाभे (कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत आणि तो एका वेळी चार धागे (थ्रेड, म्हणजे कामाचे प्रवाह) चालवतो. २०२२ साली आलेल्या आय-३ १२१५यूला सहा गाभे आहेत, त्यांतले दोन मोठे आणि चार छोटे, आणि तो आठ धागे चालवतो. नावात आय-३ असूनही हा दुसरा प्रोसेसर पहिल्यापेक्षा स्पष्टपणे वेगवान आहे, आणि वर सांगितलेल्या कामांपैकी कोणत्याही कामात तो कमी पडत नाही. नावाच्या शेवटचे अक्षरही वाचावे. ‘यू’ म्हणजे साधारण १५ वॅटचा, पातळ यंत्रासाठी केलेला प्रोसेसर, आणि ‘एच’ म्हणजे साधारण ४५ वॅटचा, जास्त ताकदीचा आणि जास्त तापणारा.

इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी हिच्या रायझन प्रोसेसरांच्या बाबतीत फसगत अधिक सहज होते, कारण तिथे आकडा मोठा दिसूनही आतली रचना जुनी असू शकते. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही दोन नावे दुकानातल्या पाटीवर जवळजवळ सारखीच दिसतात, पण पहिल्यात झेन २ रचनेचे चार गाभे आहेत आणि दुसऱ्यात झेन ३ रचनेचे सहा. या मालिकेत पहिला आकडा विक्रीचे वर्ष सांगतो आणि तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो. ग्राहकाने तिसरा पाहावा. साध्या कामाला ७५२०यूदेखील चालतो, मात्र दोन्हींच्या किमतीत हजार-दोन हजारांचाच फरक असेल तर ७५३०यू सोडू नये.

संदेशातल्या भीतीला एका ठिकाणी आधार आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. सर्वांत खालच्या किमतीला जे लॅपटॉप मिळतात, म्हणजे सेलेरॉन एन४०२०सारखा दोन गाभ्यांचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी (एसएसडीहून मंद, स्वस्त) साठवण असलेले, ते खरोखरच घेऊ नयेत. विंडोज ११ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण अशी असल्यामुळे विक्रेता ‘विंडोज ११ चालते’ असे सांगतो आणि ते खोटेही नसते. पण चालणे आणि काम करता येणे यांत मोठे अंतर आहे. संदेशाची चूक अशी की या यंत्रांचा दोष तो सत्तर हजारांखालच्या प्रत्येक लॅपटॉपवर लादतो.

‘रॅम नंतर कधीही वाढवता येते’ हे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण इतर चुकांत पैसे जास्त जातात, पण या चुकीने घेतलेले यंत्र कायमचे अडकून पडते. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम पुष्कळदा मदरबोर्डलाच (आतल्या मुख्य पाटीलाच) डकवलेली असते. वर उल्लेख केलेला ७५२०यू तर एलपीडीडीआर५ याच प्रकारची रॅम घेतो आणि ती डकवूनच येते. ८ जीबीचे यंत्र घेतले की ते शेवटपर्यंत ८ जीबीचेच राहते. शिवाय वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप याच रॅममधला काही भाग चित्रासाठी वापरतो, त्यामुळे प्रत्यक्ष कामाला मिळणारी रॅम आणखी थोडी कमी होते.

हे तपासायला तंत्रज्ञ लागत नाही. राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत दुकानात मांडलेला लॅपटॉप चालू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन ‘मेमरी’वर क्लिक केले की खाली ‘फॉर्म फॅक्टर’ अशी ओळ दिसते. तिथे ‘एसओडीआयएमएम’ असेल तर रॅमची पट्टी काढघाल करण्याजोगी आहे. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती डकवलेली आहे. पट्टीच्या यंत्रात त्याच ठिकाणी ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर ‘दोनपैकी एक’ असे दिसले तर ८ जीबी घेऊन पुढे आणखी ८ जीबी घालता येतील, आणि दोन पट्ट्या झाल्यावर वेगही थोडा सुधारतो. काही यंत्रांत थोडी रॅम डकवलेली आणि शेजारी एक मोकळी जागा अशी मिश्र रचना असते. तिथे मॉडेल क्रमांकावरून कंपनीचा तपशील पाहावा. रॅम डकवलेली असेल आणि यंत्र चार-पाच वर्षे वापरायचे असेल, तर १६ जीबीच घ्यावी. प्रोसेसर एक पायरी खाली उतरवून वाचलेला पैसा रॅममध्ये घालणे हा हलक्या वापरासाठी अधिक शहाणपणाचा व्यवहार आहे.

हार्डडिस्कची शिफारस कोणत्या काळी लिहिली गेली कोण जाणे, पण ती आजही पुढे ढकलली जाते. लॅपटॉपच्या हार्डडिस्कमध्ये मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी तबकडी असते आणि प्रत्येक छोटी फाईल शोधायला तिला दहा मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, आणि तेच काम मिलिसेकंदाच्या एखाद्या दहाव्या भागात किंवा त्याहूनही लवकर होते. विंडोज सुरू होताना अशा हजारो फाईली वाचल्या जातात. आपल्याला ‘लॅपटॉप स्लो झाला’ असे जे जाणवते, त्याचे कारण बहुधा इथे असते. एसएसडीतही साटा प्रकारची सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते आणि एनव्हीएमई प्रकारची त्याच्या कित्येक पट, पण रोजच्या कामात या दोहोंतला फरक फारसा लक्षात येत नाही. हार्डडिस्कवरून एसएसडीवर येण्यातला फरक मात्र कोणालाही पहिल्या दिवशी कळतो. जागा कमी पडली तर घरगुती फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवता येतात.

पातळ यंत्र तापते, या विधानात संदेशाने स्वतःलाच छेद दिला आहे. पातळ यंत्रात उष्णता बाहेर टाकायला जागा कमी असते, हे खरे आहे; पण म्हणूनच त्यात मोठा प्रोसेसर घालणे हा उपाय ठरत नाही. तापमान वाढले की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, आणि पातळ चौकटीतल्या आय-सेव्हनसाठी मोजलेले जास्तीचे पैसे नेमके तेव्हा वाया जातात. १५ वॅटचा आय-३ किंवा आय-५ अशा चौकटीत हलक्या कामावर निवांत चालतो. हवेची जाळी बहुतेक यंत्रांत तळाशी असते, त्यामुळे गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवून काम करण्याची सवय मोडली पाहिजे. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तर ती विशेष त्रास देते. कागलहून किंवा पन्हाळ्याहून रोज एसटीने येणाऱ्या विद्यार्थ्याला दीड किलो आणि सव्वादोन किलो यांतला फरक काय असतो, याचा तर संदेशात विचारच नाही.

ग्राफिक्स कार्डाबद्दल थोडक्यात. व्हिडिओ पाहण्याचे काम प्रोसेसरमधला चित्रविभागच करतो आणि उत्तम करतो. अभियांत्रिकीला कॅड (संगणकावर आराखडे काढणे) शिकणारा, लग्नाचे व्हिडिओ संकलित करणारा किंवा मोठे खेळ खेळणारा यांची गरज वेगळी आहे, आणि त्यांनी पातळ, स्वस्त यंत्राच्या वाटेला जाऊ नये.

राहिला जुना आय-सेव्हन. विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच बसते. सहाव्या-सातव्या पिढीचा आय-सेव्हन आज घेणे म्हणजे सुरक्षेच्या अद्यतनांचा प्रश्न विकत घेणे होय, आणि त्याच यंत्रावरून घरातले बँकेचे व्यवहार होणार असतात. आठव्या पिढीनंतरचा, एसएसडी बसवलेला आणि लेखी हमी असलेला जुना लॅपटॉप वाईट नसतो. मात्र त्याची बॅटरी तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढता येतो, त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता एकाखाली एक दिलेल्या असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरावा.

आय-३ १२१५यू, ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असे पातळ लॅपटॉप गेल्या काही वर्षांत पस्तीस ते पंचेचाळीस हजारांच्या घरात विकले गेले आहेत. भाव वरखाली होतात, पण हलक्या वापरासाठी सत्तर हजार हा उंबरठा कोणत्याही हिशेबाने निघत नाही. खरेदी ठरली की बिलावर नुसते ‘आय-३ लॅपटॉप’ असे लिहून घेऊ नये. पूर्ण मॉडेल क्रमांक, प्रोसेसरचे पूर्ण नाव, रॅम, एसएसडी आणि सिरियल क्रमांक लिहून घ्यावा, आणि खोके उघडून लॅपटॉपच्या तळाशी छापलेला क्रमांक बिलाशी जुळवून मगच दुकानाबाहेर पडावे.