क्यू रिकामी दिसली म्हणून काम झालं असं धरू नका

मोठी सीएसव्ही फाइल (तक्त्यातली माहिती साध्या मजकुरात ठेवणारी) तुकड्यांत कशी हाताळायची, याची एक पोस्ट सध्या जो तो पुढे पाठवतोय. म्हणणं असं: फाइलचे तुकडे करा, प्रत्येकाचा मेसेज एसक्यूएसमध्ये, म्हणजे अॅमेझॉनच्या मेसेज-रांगेत (क्यूत) टाका, लॅम्डा, म्हणजे अॅमेझॉनवर गरजेप्रमाणे चालणारे छोटे प्रोग्राम, ते उचलतील, आणि क्यूतल्या मेसेजचा आकडा शून्य झाला की सगळे निकाल जोडून अहवाल पाठवा. माझ्या भाच्याने पहिल्याच नोकरीत हे जसंच्या तसं उतरवलं. अहवाल वेळेवर गेला, पण अर्धवट. बोलणी त्याने खाल्ली, पोस्ट अजून फिरतेच आहे.

आधी ते शून्य बघू. वर्करने, म्हणजे तुकड्यावर काम करणाऱ्या लॅम्डाने, मेसेज उचलला की तो क्यूतून जात नाही, तात्पुरता इतरांना दिसेनासा होतो आणि वेगळ्या आकड्यात मोजला जातो. त्या आकड्याचा पोस्टमध्ये उल्लेखच नाही! शेवटचे तीन तुकडे चालू असतानाही तुमच्यासमोर शून्यच. बरं, दोन्ही आकडे तपासले, तरी अ‍ॅमेझॉनची स्वतःची मार्गदर्शिका सांगते की मेसेज टाकणं थांबल्यावर निदान एक मिनिट तरी ते बरोबर असतील याची खात्री नाही. त्यात तुकडे करणारा प्रोग्राम मागे पडला आणि वर्कर भराभर पुढे गेले, तर मध्येच क्यू रिकामी होते.

सगळ्यात घातक प्रकार वेगळाच आहे. वारंवार फसणारा मेसेज डेड लेटर क्यूत, म्हणजे फसलेल्या मेसेजच्या वेगळ्या रांगेत, टाकायची सोय बहुतेक जण करतात. मग मूळ क्यू खरोखर रिकामी, एकही वर्कर चालू नाही, आणि तुकडा क्रमांक 23 झालेलाच नाही. इथे तासभर थांबलात तरी काय उपयोग?

यावर लोक उपायही सुचवतात. ‘शेवटच्या तुकड्यावर खूण करा’: शेवटी पाठवलेला तुकडा शेवटी संपतो, असं कोणी सांगितलं? ‘पाच मिनिटं थांबा’: एकटा लॅम्डा पंधरा मिनिटं चालू शकतो. पुढे.

‘तुकडा झाला की काउंटर एकने वाढवा, आकडा भरला की अहवाल पाठवा’ हा सल्ला मात्र निम्मा बरोबर आहे, हे मान्य करावं लागेल. मोजायचं ते झालेलं कामच. पण साध्या क्यूत एकच मेसेज दोनदा येऊ शकतो. एकूण 40 तुकडे असतील आणि तुकडा 7 दोनदा मोजला गेला, की 40 चा आकडा 39 तुकड्यांतच गाठला जातो.

म्हणून नुसता आकडा नको, क्रमांकांची यादी ठेवा. एकूण तुकडे किती हे नोंदवून ठेवा आणि ती नोंद झाल्याशिवाय यादी पूर्ण धरू नका. प्रत्येक वर्करने निकाल साठवल्यावर डायनॅमोडीबी या अॅमेझॉनच्या डेटाबेसमधल्या संचात आपल्या तुकड्याचा क्रमांक घालावा. तोच क्रमांक पुन्हा घातला तरी संच वाढत नाही. संच पूर्ण दिसला की शेवटचं काम सुरू करावं, आणि ते दोनदा चाललं तरी बिघडणार नाही असं लिहावं. एवढी उठाठेव नको असेल, तर डिसेंबर 2022 पासून स्टेप फंक्शन्समध्ये (कामाचे टप्पे क्रमाने चालवणारी अॅमेझॉनची सेवा) डिस्ट्रिब्युटेड मॅप, म्हणजे अनेक तुकडे एकाच वेळी चालवणारा टप्पा, आहे. तो सगळे तुकडे संपेपर्यंत थांबतो, आणि मुभा दिली नसेल तर एक तुकडा फसला तरी पुढे जात नाही.

ठरलेल्या वेळेत यादी भरली नाही, तर अहवाल अडवून ठेवा आणि राहिलेले क्रमांक जबाबदार माणसाला कळवा. एकूण तुकड्यांशी तो संच ताडला की ते निघतात.