गरम टॉवेलने हात धुतल्यासारखे होत नाहीत

जपानला निघालेल्या मंडळींमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय: तिथल्या हॉटेलात जेवणाआधी मिळणारा गरम टॉवेल वाफेतून काढलेला असतो, त्याने हातावरचे जंतू मरतात, मग साबणाने हात धुवायची गरज नाही. यातलं वाफेचं एक वेळ ठीक, बाकीचं चूक आहे.

त्या टॉवेलला ओशिबोरी म्हणतात. ‘शिबोरु’ म्हणजे पिळणं, त्यावरून हे नाव आलं. बऱ्याच हॉटेलांना हे टॉवेल भाड्याने पुरवणाऱ्या कंपन्या असतात. त्या वापरलेले टॉवेल नेतात, धुऊन निर्जंतुक करतात आणि ओले गुंडाळून परत देतात. म्हणजे निर्जंतुक केलेला असतो तो टॉवेल, आपले हात नव्हेत. जंतू मरतील इतकी उष्णता आपली कातडी सोसूच शकणार नाही. शिवाय उन्हाळ्यात हाच टॉवेल थंडगार देतात! पुसल्याने थोडा मळ निघतो, तेवढंच. लोकल ट्रेनचे दांडे धरून आलात, लहान मूल सोबत आहे, तर आधी साबण लावून निदान २० सेकंद हात चोळून धुवाच.

आणखी एक. आपल्याकडच्या लिंबू घातलेल्या फिंगर बोलसारखा तो शेवटासाठी राखून ठेवू नका. आल्याबरोबर उलगडा, हात पुसा, घडी करून बाजूला ठेवा. त्याने तोंड, मान पुसणं तिथे चारचौघांत बरं दिसत नाही.

मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हेही टाका.